गोळी चालू, चालणं चालू आणि शुगर ६२! नक्की काय सोडू?

परळकर_४९

नमस्कार मंडळी. वय ४९, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्ची. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.६ निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज चालायला सांगितलं. दोन्ही इमानेइतबारे चालू आहे. सकाळी सहाला उठून गोळी घेतो (केमिस्टने पाकिटावर 'नाश्त्याआधी' लिहून दिलंय), मग शिवाजी पार्क. कट्ट्याला बाहेरून चार फेऱ्या, झपझप. घरी येऊन आंघोळ, पूजा, पेपर. नाश्त्याला बसेपर्यंत साडेआठ.

सुरुवातीला झकास चाललं होतं. फास्टिंग १६० वरून ११५ वर आलं. पण हल्ली तिसऱ्या फेरीला पाय लटपटायला लागलेत. परवा तर उद्यान गणेशाच्या देवळाजवळ घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे काजवे. टपरीवर जादा साखरेचा कटिंग मारला, वर एक वडापाव. वीस मिनिटं झाली तरी बरं वाटेना. टॅक्सी करून घरी आलो आणि ग्लुकोमीटर लावला तर ६२!

दुसरी गंमत. रविवारी भाच्याबरोबर जिमला जातो. तिथे वजनं उचलून आलो की शुगर उलट वाढलेली, १४० ची १७८. चालल्यावर कमी आणि घाम गाळल्यावर जास्त, हे काय गणित?

बायको म्हणते फिरणं बंद करा. ऑफिसातला मित्र म्हणतो गोळी बंद कर, नुसत्या चालण्यानेच खाली येतेय. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे.

विरार_फास्ट

गोळीचं नाव लिहा की राव. 'गोळी' म्हणजे काय, क्रोसिन?

परळकर_४९

स्ट्रिप बघून लिहितो: ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० एसआर, व्होग्लिबोज ०.२. तिन्ही एकाच गोळीत. सकाळी एक, रात्री एक.

खवय्या_गिरगाव

६२ शुगरला वडापाव हा उपाय कोणत्या ग्रंथात दिलाय? (चटणी कुठली होती ते मात्र सांगा.)

ओपीडी_नंबर_सात

मी फिजिशियन आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यात उत्तर जवळजवळ सगळं आहे.

आधी तातडीचं. सहाला घेतलेली गोळी आणि साडेआठचा नाश्ता यांत अडीच तास, आणि त्या अडीच तासांत चार फेऱ्या. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, तुम्ही पार्कात आहात की पलंगावर, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून ती दिवसाच्या पहिल्या नीट खाण्याबरोबर किंवा त्याच्या अगदी आधी घ्यायची असते. 'नाश्त्याआधी' म्हणजे ताट समोर आल्यावर, उठल्या उठल्या नव्हे. गुरुवारपर्यंत थांबू नका. आजच डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी सांगा: ६२ चा आकडा आणि सहाची वेळ. गोळी पूर्ण बंद करणं किंवा फिरणं पूर्ण बंद करणं, दोन्ही त्यांना विचारल्याशिवाय नको.

आता असं का झालं ते. रक्तातला ग्लुकोज स्नायूंत शिरायला एरवी इन्सुलिन लागतं. ते झालं पुढचं दार. पण स्नायू काम करत असले की ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. ते मागचं दार. डायबेटिसमध्ये पुढचं दार गंजलेलं असतं, मागचं बहुतेक शाबूत असतं, म्हणून तर आम्ही चालायला सांगतो. तुमच्या बाबतीत गोळीने पुढचं दार ढकललं, चालण्याने मागचं उघडलं, आणि रक्तात भर घालणारा नाश्ता अजून तव्यावर होता.

कटिंग आणि वडापाव का चालले नाहीत? गोळीतल्या तिसऱ्या घटकामुळे. साखर आणि पिष्ट फोडून ग्लुकोज करणारी जी विकरं आतड्यात असतात, त्यांना व्होग्लिबोज अडवतं. जेवणानंतरची शुगर एकदम चढू नये म्हणून ते दिलेलं असतं. पण शुगर लो झाल्यावर तेच आडवं येतं: चहातली साखर आतड्यात रेंगाळते, पाव-बटाटा त्याहून जास्त, आणि तेलामुळे पोट रिकामं व्हायलाच वेळ लागतो. व्होग्लिबोज किंवा त्याच जातीचं अकार्बोज घेणाऱ्याने शुगर उतरली तर थेट ग्लुकोज पावडर घ्यायची, केमिस्टकडे मिळते ती. १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, ७० च्या खालीच असेल तर परत तेवढंच. वर आली की मग काहीतरी खायचं, नाहीतर पुन्हा घसरते. या गोळ्या न घेणाऱ्यांना तीन चमचे साखरेचं पाणी चालतं.

माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही कोंबू नका. १०८ ला फोन.

मालाडची_मावशी

डॉक्टर, व्होग्लिबोजचं हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं हो. आमच्या ह्यांच्या गोळीत आहे. पर्समध्ये खडीसाखर घेऊन हिंडते मी! आजच पावडरचं पाकीट आणते.

माझं स्वतःचं मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन आहे. मला पण सकाळी खाऊनच निघायला हवं का? सकाळी सकाळी काही जात नाही मला.

ओपीडी_नंबर_सात

मावशी, नुसत्या मेटफॉर्मिनवर चालताना शुगर धोकादायक खाली जाणं क्वचितच होतं. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही 'ग्लिप्टिन' मंडळी आणि तुमची डापाग्लिफ्लोझिन यांचंही तेच. जपायचं ते इन्सुलिनवाल्यांनी आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांनी. त्यांनी निघण्यापूर्वी तपासावं आणि ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. एक मध्यम केळं पुरतं.

तुमच्या गोळीची भानगड वेगळी आहे. ती साखर लघवीवाटे बाहेर काढते आणि तिच्याबरोबर पाणीही जातं. मे आणि ऑक्टोबरमधल्या आपल्या दमट हवेत चालून आल्यावर घेरी आली तर शुगरइतकाच संशय पाण्यावर घ्या. चालण्याआधी आणि नंतर पाणी प्यायचं. उलट्या-जुलाब होत असतील, कडक उपास असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर ही गोळी थांबवायची का ते डॉक्टरांना आधी विचारायचं. या औषधावर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठू शकतात, आणि ते जिवावर बेततं.

कडू_कारलं

हे सगळं गोळ्यांचंच पाप. मी गोळ्या कधीच टाकून दिल्या. रोज दहा हजार पावलं आणि कारल्याचा रस. एकदम ठणठणीत. ज्याचं त्याने ठरवावं.

विरार_फास्ट

एचबीए१सी किती आलं शेवटचं?

कडू_कारलं

तपासणं बंद केलंय. उगाच टेन्शन येतं.

विरार_फास्ट

😀 बरोबर. मी पण बँक बॅलन्स बघत नाही, करोडपती आहे.

नऊवारी_नायके

हसू नका हो सगळे. कारलंदादांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. माझ्या दिरांच्या गोळ्या खरोखर बंद झाल्या. पण बारा किलो वजन उतरवलं त्यांनी, आणि एकेक गोळी डॉक्टरांनी स्वतः कमी केली. आजही दर तीन महिन्यांनी तपासतात. रस-बिस काही नाही. रात्रीचा भात गेला आणि पत्त्यांच्या अड्ड्याची जागा दादरच्या पालिकेच्या तरणतलावाने घेतली.

ओपीडी_नंबर_सात

नऊवारीताईंचे दीर हे अगदी योग्य उदाहरण. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची चाचणी झाली, तिचे वर्षभराचे निकाल २०१७ च्या शेवटी आले. वजन उतरवण्याच्या शिस्तबद्ध कार्यक्रमात गेलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांचा डायबेटिस वर्षाअखेर औषधांशिवाय ताब्यात होता. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत तर ८६ टक्के. पण बारीक अक्षरं वाचा: डायबेटिस होऊन सहा वर्षं उलटलेली नव्हती, इन्सुलिनवर कुणी नव्हतं, सगळं देखरेखीखाली झालं, आणि मुख्य काम खाण्यातल्या कपातीने केलं. दहा हजार पावलं चालून घरी तीन वाट्या आमरस, याला ती चाचणी म्हणत नाहीत.

कारलंदादा, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडं बिघडताना दुखत नाहीत. ठणठणीत वाटतं त्याचं कारण तेही असू शकतं. एकदा तपासा. आकडा चांगला आला तर इथे येऊन आमची जिरवा, मी स्वतः पेढे देईन. (मला. तुम्हाला नाही.)

शून्य_सहा_चार

एक शंका. व्यायामाने समजा १ उतरतं, गोळीने १, तर दोन्ही मिळून २ उतरायला हवं ना?

ओपीडी_नंबर_सात

तसं सरळ होत नाही. आपल्याकडचंच उदाहरण देतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीय डायबेटिस प्रतिबंध अभ्यास केला, २००६ मध्ये छापून आला. माणसं डायबेटिसच्या उंबरठ्यावरची होती, म्हणजे अजून झालेला नव्हता. खाणं-व्यायाम बदलल्याने धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर २८.२ टक्क्यांनी. बेरीज झालीच नाही!

यावरून 'मग दोन्ही कशाला' असं कुणी म्हणू नका. ज्याला डायबेटिस झालाय आणि आकडा ८.६ आहे त्याची गोष्ट वेगळी. त्याला बहुधा दोन्ही लागतात, आणि व्यायामाचे फायदे शुगरपुरते नसतात: बीपी, हृदय, झोप, पोटावरची चरबी. मुद्दा इतकाच की गोळीचा डोस आणि व्यायाम एकमेकांकडे बघून ठरवावे लागतात. आमच्या ओपीडीत पेशंट चालायला लागल्याचं सांगतच नाही, आणि खरं सांगायचं तर गर्दीत आम्हीही विचारत नाही. मग जुना डोस तसाच चालू राहतो.

जिमचं राहिलंच. जड वजनं किंवा जोरदार धावणं यात ॲड्रिनलिन सुटतं आणि यकृत साठवलेला ग्लुकोज रक्तात ओततं. म्हणून लगेच तपासलं तर वाढलेली दिसते. तास-दोन तासांत बसते. घाबरून जिम सोडू नका. स्नायू वाढले की ग्लुकोज मुरायला जागा वाढते. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, दोन-तीनदा वजनं किंवा बैठका, आणि लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नाही, हे साधारण सर्वमान्य माप आहे. खंडाचं कारण असं की व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, पण तो परिणाम फार तर तीन दिवस टिकतो.

डोळ्यांच्या पडद्याला इजा असलेल्यांनी मात्र वजनं आणि शीर्षासन डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

मालाडची_मावशी

मी काय करते सांगू का? सकाळचं जमत नाही म्हणून रात्री जेवण झालं की पंधरा मिनिटं सोसायटीच्या पोडियमवर. दुपारी पण जेवून लगेच आडवी होत नाही, भांडी मीच घासते, तेवढ्याचसाठी बाईला दुपारचं नको म्हटलं. जेवणानंतर दोन तासांची माझी २१० असायची, आता १६०-१७० च्या आत असते. गुडघे दुखतात म्हणून एका वेळी जास्त होत नाही, पण तीनदा थोडं थोडं होतं. मालिका लागायच्या आत खाली उतरायचं. एकदा टीव्हीसमोर बसलं की संपलं.

विरार_फास्ट

आमचा व्यायाम दादरचा पूल. ब्रिज चढा, उतरा, आठ-सत्तावन्न पकडायला पळा. त्यात जेवणानंतरचा कुठला, जेवणाआधीचा कुठला!

पण मावशींचा मुद्दा पटला. लंचनंतर ऑफिसात सगळे मोबाइल काढून बसतात, त्याऐवजी खाली एक चक्कर मारून यायला काय जातं?

टाइप_वन_वाली

मी २६, टाइप वन (शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो डायबेटिस), शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर. वरचं सगळं टाइप टूचं चाललंय, आमचे नियम थोडे वेगळे आहेत म्हणून लिहिते. मी संध्याकाळी वरळी सी फेसला धावते. संध्याकाळच्या धावण्याचा हिशोब रात्री दोन-तीन वाजता चुकता होतो, झोपेत लो. म्हणून धावलेल्या रात्री झोपायच्या आधी तपासते, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलंय तसं बेसल (दिवसरात्र हळूहळू काम करणारं इन्सुलिन) कमी घेते. धावायच्या आधी मांडीत इन्सुलिन घेत नाही, पाय चालले की ते लवकर शोषलं जातं. पोटात घेते. आणि २५० च्या वर असेल तर आधी कीटोन बघायचे. कीटोन असतील तर व्यायाम नाही, म्हणजे नाहीच. 'शुगर जास्त आहे ना, जा धावून ये' हा सल्ला आम्हाला देऊ नका, प्लीज.

आणि मॅचनंतर बिअर ही आमच्या ग्रुपची पद्धत. दारूने यकृताचं ग्लुकोज सोडणं मंदावतं, त्यात व्यायाम झालेला. त्या रात्री मी सोडा लिंबू.

अंगारकीवाला

आम्ही मित्र दर अंगारकीला आदल्या रात्री बोरिवलीहून सिद्धिविनायकापर्यंत चालत जातो. अनवाणी. दुसऱ्या दिवशी चंद्रोदयापर्यंत उपास. यंदा मला शुगर निघालीय, ग्लिक्लाझाइड चालू आहे. तळव्यांना थोड्या मुंग्या येतात, बाकी त्रास नाही. धावतपळत नाही, निवांत चालतो. चालेल ना?

ओपीडी_नंबर_सात

तुमच्या चार वाक्यांत धोक्याच्या चार गोष्टी आहेत. ग्लिक्लाझाइड, उपास, रात्रभर चाल आणि अनवाणी.

मुंग्या येतात म्हणजे तळव्यांच्या नसांना इजा सुरू झालेली असू शकते. अशा पायाला काच लागली तरी कळत नाही, फोड फुटला तरी कळत नाही. घरी मोज्यावर रक्त दिसल्यावर कळतं. आधी पाय तपासून घ्या. मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम. तोपर्यंत बूट-मोजे घालूनच चाला. पावसात तर हे सगळ्यांनाच लागू. साचलेल्या पाण्यातून गेलात तर घरी येऊन पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, आणि आरशात तळवे बघायचे.

उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारा. कडक उपासाला नेहमीचा डोस तसाच घेणं घातक. आणि 'उपास' म्हणून दुपारी साबुदाण्याची खिचडी दोन बश्या होणार असेल तर उलट्या बाजूने शुगर चढेल, तेही सांगा त्यांना.

बाप्पाला बूट चालतात. बाहेर काढून ठेवायचे.

अंगारकीवाला

ऐकतो डॉक्टर. आई ऐकेल की नाही बघतो, नवस तिचा आहे.

परळकर_४९

अपडेट द्यायला उशीर झाला, माफी. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनी गोळी नाश्त्याच्या ताटाबरोबर घ्यायला लावली, आणि गुरुवारी दाखवलं तेव्हा मीटरमधली सगळी रीडिंग्ज उतरवून घेतली. ग्लिमेपिराइड काढली. आता मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन. चालायच्या आधीची आणि नंतरची शुगर आठवड्यातून दोनदा वहीत लिहायची, बाकी दिवस बोटं टोचत बसायचं नाही.

घसरण थांबली. फास्टिंग मात्र ११५ वरून १२८-१३० वर गेलंय, त्यामुळे मी जरा खट्टू आहे. डॉक्टर म्हणाले एवढं चालेल, तीन महिन्यांनी एचबीए१सी बघू, ६२ च्या भीतीने घरी बसण्यापेक्षा १३० घेऊन फिरणं बरं. बायकोने परवानगी दिलीय, पण खिशात पावडरचं पाकीट आहे का हे दारात तपासते. नवीन गोळीवर त्याची फारशी गरज नाही म्हटलं, तर म्हणाली राहू दे.

खवय्या_गिरगाव

आणि वडापाव?

परळकर_४९

महिन्यातून एक. चालून आल्यावर. डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

शून्य_सहा_चार

धागा थंड व्हायच्या आत माझं विचारून घेतो. बाबा ७६, इन्सुलिन दोन वेळा, बीपीसाठी मेटोप्रोलॉल. रोज पहाटे एकटेच नॅशनल पार्कात जातात. लो झाली तर धडधड होते, हात थरथरतात, मग कळेलच त्यांना. बरोबर ना?

ओपीडी_नंबर_सात

कळेलच असं नाही. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधं धडधड आणि थरथर हीच लक्षणं झाकतात. घाम सहसा झाकला जात नाही. त्यामुळे बाबांना सांगा, गार हवेत कारण नसताना घाम आला की थांबायचं, ग्लुकोज घ्यायचा, नंतर तपासायचं. बसायला बाक मिळेपर्यंत चालत राहायचं नाही.

मेटोप्रोलॉल मनाने बंद करू नका, ते हृदयासाठीही दिलेलं असू शकतं. या वयात शुगर फार घट्ट धरायची गरज नसते. इतर आजार असतील तर एचबीए१सी ८ च्या आत चालतं, म्हणून इन्सुलिनचा डोस पुन्हा बघायला सांगा. पहाटे उपाशीपोटी जाण्यापेक्षा नाश्त्यानंतर गेले तर उत्तम, सोबत कुणी असेल तर आणखी उत्तम. खिशात चिठ्ठी हवी: नाव, डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो, तुमचा फोन नंबर. मोबाइल लॉक असतो, चिठ्ठी कुणीही वाचू शकतं.

शून्य_सहा_चार

चिठ्ठी आजच लिहितो. नाश्त्यानंतरचं अवघड आहे, त्यांचा ग्रुप साडेपाचला गेटवर असतो. ग्रुपलाच सांगून ठेवू का, घाम दिसला तर पावडर द्या म्हणून?

ओपीडी_नंबर_सात

हो, आणि पावडर कुठल्या खिशात आहे तेही सांगा. निघायच्या आधी मात्र त्यांनी मीटर लावायचाच. ९० च्या खाली असेल तर केळं खाऊन मग गेट.